दुसऱ्या डावात सिनेमाकडे वळताना

बँकेत, शाळेत, दवाखान्यात किंवा सरकारी कचेरीत उमेदीची वर्षे गेल्यावर सिनेमाची जुनी ओढ पुन्हा जागी झालेली पुष्कळ मंडळी आधी महागडा कॅमेरा घेतात, नाहीतर ओटीटीवर समोर येईल ते पाहत सुटतात. पहिल्या वर्षी हे दोन्ही टाळावे. सिनेमा आवडत होता, परंतु तो पाहण्याची शिस्त अंगी बाणण्याआधीच नोकरी लागली, अशी बहुतेकांची स्थिती असते. म्हणून आरंभ पाहण्यापासूनच करावा.

आठवड्याला एकच चित्रपट घ्यावा आणि तो दोनदा पाहावा. पहिल्यांदा मध्ये न थांबता, कथेसाठी; दुसऱ्यांदा त्याच्या एकाच अंगाकडे लक्ष ठेवून. उदाहरणार्थ, व्ही. शांताराम यांचा १९३७ सालचा ‘कुंकू’ घ्यावा. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. गाणी वगळली तर कानावर पडतात ते त्या घरातले आणि आसपासचेच आवाज. त्यातला पंधरा मिनिटांचा भाग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकावा, कोणता आवाज केव्हा आला आणि कोठे शांतता राखली हे वहीत टिपावे, आणि मग तोच भाग आवाज पूर्ण बंद करून पाहावा. डोळ्यांनी कळले असे आपण समजत होतो त्यातले बरेचसे कानांनी कळले होते, हे तेव्हा ध्यानात येते. वहीत कथेचा सारांश लिहू नये, तसेच ‘छान’, ‘संथ’ असले शेरेही मारू नयेत. कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे, दृश्य नेमके कोणत्या हालचालीवर तुटले, एवढेच लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

यानंतर संगत शोधावी. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे, आणि लहान शहरांतही कोणी ना कोणी अशी फिल्म सोसायटी, म्हणजे एकत्र चित्रपट पाहून त्यांवर चर्चा करणारी संस्था, चालवत असते. पद्धतशीर शिकायचे असल्यास पुण्याला पर्याय नाही: प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ही दोन्ही तेथेच आहेत, आणि काही आठवड्यांच्या चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रमाचा त्यांचा लौकिक जुना आहे. दिवसभर चित्रपट, व्याख्याने आणि चर्चा असा तो क्रम असल्याने प्रकृतीचा अंदाज घेऊनच अर्ज करावा. पुण्याचा किंवा पणजीचा महोत्सव गाठलात, तर दिवसाला तीनांहून अधिक चित्रपट पाहू नयेत. चौथ्याच्या वेळी डोळे उघडे असतात, पण मन पहिल्यातच घोटाळत असते.

आता करण्याविषयी. पहिला चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा दादासाहेब फाळके ४३ वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी छायाचित्रण केले होते आणि छापखानाही चालवला होता. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. हे दाखले नेहमी उमेद वाढवण्यासाठी दिले जातात, पण त्यांतली अडचणीची बाजू कोणी सांगत नाही: दोन्ही डॉक्टरांचे नाटक वैद्यकीच्या काळात सुटलेले नव्हते. ज्यांचे सारेच सुटले होते, त्यांनी पहिल्या प्रयत्नाकडून फार अपेक्षा न ठेवलेली बरी.

मात्र जुन्या व्यवसायाने दिलेली माहिती हे मोठे भांडवल आहे. चेक परत करताना कॅशियर ग्राहकाच्या नजरेला नजर देत नाही, ही गोष्ट बँकेत आयुष्य गेलेल्यालाच ठाऊक असते. अशा एकाच प्रसंगावर पाच मिनिटांचा लघुपट लिहावा, पात्रे दोन ठेवावीत आणि तो मोबाइलवरच चित्रित करावा. चित्रीकरणाआधी खोलीत दोन मिनिटे गप्प बसून आवाज ऐकावेत. पंखा आणि फ्रिज बंद करावेत, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळावी. कॉलरला लावायचा साधा माइक मात्र विकत घ्यावा, कारण किंचित अंधारलेले चित्र प्रेक्षक चालवून घेतात, न ऐकू येणारा संवाद घेत नाहीत. संकलनासाठी डाविंची रिझॉल्व या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती पुरते. ती शिकायला घरातील एखाद्या पुतण्याचे किंवा भाचीचे शिष्यत्व पत्करायला हरकत नाही. आवडते जुने गाणे मागे लावण्याचा मोह होईल, पण हक्कधारकाच्या परवानगीशिवाय ते वापरू नये.

लघुपट प्रथम फिल्म सोसायटीच्या सभासदांना दाखवावा आणि चर्चा चालू असताना खुलासे करू नयेत. बाहेर पाठवताना त्या महोत्सवात चित्रपट खरोखर पडद्यावर दाखवले जातात की केवळ प्रवेशशुल्क घेऊन दरमहा प्रमाणपत्रे वाटली जातात, याची आधी चौकशी करावी. दुसऱ्या प्रकारचे महोत्सव हल्ली बरेच झाले आहेत.