क्रूझवर सहप्रवाशांशी ओळखी कशा कराव्यात

ग्रुप टूरने क्रूझला निघताना आपल्याला वाटतं, चाळीस जण सोबत आहेत, ओळखींची काय कमी? पण जहाजावर दोन-अडीच हजार माणसं असतात आणि त्यातले बरेचसे चेहरे एकदाच दिसतात. रेल्वेच्या डब्यात समोरचा माणूस मुक्कामापर्यंत समोरच बसलेला असतो, म्हणून गप्पा आपोआप सुरू होतात. जहाजावर तो दहाव्या मजल्यावर चहा पिऊन निघून जातो आणि आपण त्याला पुन्हा शोधू शकत नाही. ओळख व्हायची तर माणूस पुन्हा भेटायला हवा, आणि तशी सोय आपल्यालाच करावी लागते. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे: रोज एका वेळी, एका जागी दिसत राहा.

मी हे अलास्काच्या सात रात्रींच्या क्रूझवर शिकले. व्हँकुव्हरहून निघून ज्युनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन आणि परत व्हँकुव्हर. माझे वडील तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जात. डेकवर वळकटी पसरली की शेजारच्या वळकटीवाल्याचं गाव, आडनाव आणि मुंबईतली चाळ रात्रीतच कळायची, असं ते सांगत. आजच्या जहाजात प्रत्येकाला बंद दाराची खोली असते. म्हणून थोडे कष्ट घ्यावे लागतात, आणि ते घेण्यासारखे आहेत.

निघण्याआधी

टूर कंपनी निघण्यापूर्वी एक बैठक घेते. तिला जाच. व्हिसा आणि थंडीचे कपडे यांची माहिती नंतरही मिळते, पण आपल्या ग्रुपमध्ये कोण एकटं येतंय, कोणाला गुडघ्याचा त्रास आहे, कोण पहिल्यांदाच समुद्रावर चाललंय, हे तिथेच कळतं. दोन-तीन जणांची नावं लक्षात ठेवा आणि विमानतळावर त्यांना नावाने हाक मारा. एवढ्यानेच पुढचा आठवडा सोपा होतो.

टूर मॅनेजरला एक गोष्ट विचारून ठेवा: रात्रीच्या जेवणाला ग्रुपची टेबलं एकत्र आहेत का? शाकाहारी किंवा जैन जेवणाची सोय असेल तर बहुतेक वेळा एकत्रच असतात. म्हणजे रात्रीचं जेवण आपल्या माणसांत होणार. मग बाहेरच्या ओळखींसाठी सकाळ राखून ठेवायची.

सकाळचं टेबल

नाश्त्याला बहुतेक जण वरच्या मजल्यावरच्या बुफेत जातात. तिथे गर्दी असते, ताट हातात घेऊन रिकामी खुर्ची शोधावी लागते आणि जो तो खाऊन उठतो. त्याऐवजी मुख्य डायनिंग हॉलमध्ये जा. तिथे वेटर टेबलावर आणून देतात आणि दारातला माणूस बऱ्याच जहाजांवर विचारतो, दुसऱ्यांबरोबर टेबल शेअर करायला चालेल का? ‘हो’ म्हणा. अख्ख्या क्रूझमधली ओळखीची सगळ्यात मोठी संधी या एका ‘हो’मध्ये आहे.

आम्ही दोघं रोज साडेसातला जायचो. दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातलं एक निवृत्त शेतकरी जोडपं आलं. मी विचारलं, काय पिकवायचात? ते म्हणाले, गहू आणि मसूर. मसूर म्हटल्यावर मी काटा खाली ठेवला. कॅनडातला बहुतेक मसूर त्याच प्रांतात होतो आणि भारत त्याचा मोठा गिऱ्हाईक आहे. म्हणजे आमच्या डब्यातली डाळ त्यांच्या किंवा त्यांच्या शेजाऱ्यांच्या शेतातून आलेली असू शकते. त्या बाईंनी आयुष्यभर मसूर पेरताना पाहिला होता, पण घरी शिजवला होता फक्त सूपमध्ये. मग मी त्यांना अख्ख्या मसुराची आमटी सांगितली: कांदा-खोबरं भाजून वाटण, लसूण, गोडा मसाला, दोन आमसुलं. आमसूल म्हणजे काय, हे समजावताना मला टेबलावरच्या सुक्या क्रॅनबेरीचा आधार घ्यावा लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासाठी दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या.

दुपारची जागा

जहाज बंदराला लागत नाही तो दिवस ओळखींचा. आदल्या रात्री खोलीत किंवा फोनवरच्या अॅपमध्ये दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम येतो. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि ती रोज करा. सात ठिकाणी सात वेळा जाण्यात मजा येते, पण ओळख होत नाही.

माझी पहिली पसंती प्रश्नमंजूषेला. बहुधा सहा जणांपर्यंतचा संघ चालतो, आणि चार-पाच जणांच्या संघाला माणूस हवाच असतो. जवळ जाऊन सरळ विचारा, “तुमच्या संघात जागा आहे का?” अमेरिकन टीव्ही मालिकांवरचे प्रश्न आपल्याला येणार नाहीत. त्याने काही बिघडत नाही. भूगोल, पाढे, क्रिकेट, इंग्लंडच्या राण्या यांत आपण कामाला येतो. शिवाय उद्या पुन्हा त्याच वेळी, त्याच टेबलावर भेटायचं आपोआप ठरतं.

दुसरी जागा पत्त्यांची. पत्त्यांचा जोड घरून न्या. मेंढीकोट तर जगातल्या कुणालाही शिकवता येतो, कारण ब्रिज किंवा व्हिस्ट खेळलेल्या माणसाला जोडीदार आणि हुकूम दोन्ही ठाऊक असतात. त्याला फक्त एवढंच सांगायचं की आपण दश्श्या गोळा करतोय आणि चारही मिळाल्या की मेंढीकोट. आमचे शेतकरी मित्र दुसऱ्याच डावात “हुकूम!” म्हणत पान आपटायला लागले. मग शेजारच्या टेबलावरचे लोक विचारायला आले, हा कुठला खेळ? माणसं जोडायला हातात काहीतरी असलं की जड जात नाही. विणकाम, चित्राची वही, दुर्बीण, काहीही चालतं.

कानात हेडफोन घातलेल्या किंवा पुस्तकात मान घातलेल्या माणसाला मात्र तसंच राहू द्या. तो सुट्टीवर आलाय, आपल्यासारखाच.

काय बोलावं

सुरुवात जहाजावरून करा. पहिलीच क्रूझ का? उद्या ज्युनोला काय बघणार? ज्युनो ही अलास्काची राजधानी असून तिथे बाहेरून रस्त्याने पोहोचता येत नाही, बोट किंवा विमानच लागतं, ही एक गोष्ट सांगितली तरी पाच मिनिटं निघतात.

आपल्याकडे मुलं किती, काय करतात, लग्नं झाली का, हे आपुलकीचे प्रश्न आहेत. अमेरिकन, कॅनेडियन, ब्रिटिश माणसाला ते पहिल्या दिवशी चौकशीसारखे वाटतात. त्यांनी स्वतःहून नातवाचा फोटो दाखवला की मग मोकळेपणाने विचारा. आणि खोलीला किती पैसे पडले, हे कुणालाच विचारू नका, आपल्या ग्रुपमध्ये तर मुळीच नाही. कोणी बाल्कनीची खोली घेतलेली असते, कोणी बिनखिडकीची, कोणाला लवकर बुकिंगची सवलत मिळालेली असते. आकडे निघाले की पुढचे चार दिवस जेवणाच्या टेबलावर तीच कुरकुर चालते. मी हे पाहिलंय.

नावाचं म्हणाल तर ती माणसं ऐंशीची असली तरी पहिल्याच भेटीत पहिल्या नावाने बोलावतात आणि बोलावून घेतात. आपल्या जिभेला अवघड जातं, तरी तसंच करा. आपलं नाव मात्र कापून इंग्रजी करू नका. हळू, तोडून, दोनदा सांगा. लोक मनापासून शिकतात. ग्रुपमध्ये अर्थातच काका, काकू, ताई, दादा, पण साठीतल्या प्रत्येक बाईला काकू म्हटलेलं आवडतंच असं नाही. “तुम्हाला काय म्हणू?” हे एकदा विचारलं की झालं.

दारूबद्दल एवढंच, की पॅकेज नसेल तर प्रत्येक पेय ज्याच्या त्याच्या खोलीच्या खात्यावर जातं, त्यामुळे कुणी पाजलं तर परतफेड कशी करायची ते आधी ठरवा. न पिणाऱ्याने लिंबू घातलेला सोडा मागवावा. कोणी काही विचारत नाही.

आपल्याच माणसांची भिंत

हे लिहिताना मला जरा वाईट वाटतं, पण लिहायला हवं. बाहेरच्यांशी ओळख न होण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे आपण बाराजण एकदम फिरतो. बारा जणांच्या घोळक्याशी बोलायला कोणीही येत नाही. लिफ्ट आपणच भरतो, खुर्च्यांवर स्वेटर टाकून जागा धरतो, रात्री अकराला खोल्यांबाहेरच्या अरुंद बोळात उद्याचा बेत मोठ्याने ठरवतो. दोघं-दोघं फिरा. टेबलावर एकही परका माणूस असेल तर मराठीत सुरू झालेला किस्सा थांबवून त्याला दोन वाक्यांत सांगा, मग पुढे चला.

ग्रुपमधल्या एकट्या माणसाकडे लक्ष द्या. आमच्यात एक काकू होत्या, यजमान गेल्यानंतरचा हा पहिलाच प्रवास. चार जोडप्यांच्या टेबलावर त्या रोज कडेला बसायच्या. तिसऱ्या रात्री आम्ही जागा बदलून त्यांना मधे घेतलं. त्या बोलायला लागल्या तेव्हा कळलं, त्या तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. केचिकनच्या जंगलात प्रत्येक शेवाळ्यापाशी आम्ही त्यांच्यामुळे थांबलो.

आणि बोट लागलेल्यांना विसरू नका. या मार्गाचा बराचसा भाग बेटांच्या आडोशाने जातो, पण क्वीन शार्लट साउंडसारख्या उघड्या पट्ट्यात जहाज चांगलं हलतं. नाश्त्याला कोण आलं नाही हे बघा, दार वाजवा, आलेपाक आणि खाकरा द्या, पाच मिनिटं बसा आणि निघा. आजारी माणसाला गप्पा नको असतात, कुणीतरी आठवण काढली एवढं पुरतं. पोट बिघडलं असेल, उलट्या-जुलाब असतील, तर जहाजाच्या डॉक्टरला कळवायलाच हवं. पोटाचा संसर्ग जहाजावर झपाट्याने पसरतो, म्हणून जेवणाआधी साबणाने हात धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका. हात मिळवण्याऐवजी मूठ टेकवणारे लोक भेटले तर वाईट वाटून घेऊ नका.

कर्मचारी

वेटरच्या छातीवरच्या पट्टीवर नाव आणि बहुतेक वेळा देशही असतो. भारत दिसला तर गाव विचारा. गोव्याची माणसं पिढ्यान् पिढ्या जहाजांवर आहेत, कोकणीत त्यांना तारवटी म्हणतात. आमच्या टेबलाच्या वेटरला मी “कसो आसा?” विचारलं तर त्याच्या हातातली कॉफीची किटली क्षणभर थांबली. घरापासून कितीतरी महिने दूर असलेली ही माणसं. पण ती कामावर आहेत आणि प्रवाशांशी किती मिसळायचं याचे त्यांना नियम आहेत. भर गर्दीत त्यांना थांबवून ठेवू नका, फोन नंबर मागू नका. नावाने हाक मारा, आणि काम आवडलं तर अभिप्रायाच्या कागदावर त्यांचं नाव लिहा. त्याचा त्यांना उपयोग होतो.

हिमनदीचा दिवस

ग्लेशियर बेला जहाज किनाऱ्याला लागत नाही. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबतं आणि जागच्या जागी वळतं, दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं म्हणून. बाल्कनी असली तरी त्या दिवशी डेकवर या. बर्फाचा कडा तुटण्याआधी बंदुकीसारखा आवाज येतो आणि तोवर सगळे गप्प असतात. नंतर मात्र प्रत्येक जण शेजारच्याला विचारतो, पाहिलंत का? माझी दुर्बीण त्या दिवशी निदान वीस हातांत फिरली. एक गरम पाण्याचा थर्मास, दोन जास्तीचे कप आणि थोडी सुंठ बरोबर ठेवा. थंडीत गरम कप पुढे केला की वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

किनाऱ्यावर

स्कॅगवेहून व्हाइट पासची जुनी रेल्वे निघते. सोन्याच्या शोधाच्या धामधुमीत १८९८ ते १९०० या काळात बांधलेली, सुमारे ३२ किलोमीटरमध्ये ८७३ मीटर चढणारी. डब्यातल्या बाकांची पाठ उलटवता येते, आणि परतताना दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही दरी दिसावी म्हणून जागांची अदलाबदल करतात. त्या अदलाबदलीत बोलणं होतंच. देवमासे दाखवणाऱ्या छोट्या बोटीतही तसंच. अशा सहलींना ग्रुपपासून थोडे लांब बसा.

शेवटून दुसरी रात्र

पत्ते आणि नंबर शेवटच्या रात्री घ्यायचे, असं सगळे ठरवतात आणि तिथेच चुकतात. त्या रात्री सामान बांधून ठरलेल्या वेळेपर्यंत दाराबाहेर ठेवायचं असतं, आणि सकाळी बॅगेच्या पट्टीच्या रंगाप्रमाणे किंवा आकड्याप्रमाणे उतरवतात. कोण कुठल्या गटात गेलं, पत्ताच लागत नाही. म्हणून एक रात्र आधी घ्या. इंटरनेट महाग असतं, तेव्हा घरूनच वीसेक कोऱ्या चिठ्ठ्यांवर आपलं नाव, गाव आणि ईमेल सुवाच्य लिहून न्या. मिळालेल्या चिठ्ठीच्या मागे, कुठे भेटलो ते लगेच लिहा.

माझ्याकडच्या एका चिठ्ठीमागे ‘मसूर, सकाळी साडेसात’ एवढंच आहे. त्या जोडप्याला पुण्याहून मी गोडा मसाल्याचं पाकीट पाठवलं, आणि आमसुलं घट्ट बंद पिशवीत.