द्राक्षाच्या व्हिनेगरला दवाखान्याचा वास

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशकात द्राक्षं स्वस्त झाली की मी घरीच व्हिनेगर घालतो. यंदा एका बरणीला चक्क दवाखान्याचा वास सुटला. कारण बरणी धुवायला वापरलेलं ब्लीच. त्याचा अंश राहिला की द्राक्षातल्या फिनॉलशी मिळून क्लोरोफिनॉल होतं आणि ते जराशानेही नाकाला जाणवतं. वाइनवाले भांडी निर्जंतुक करायला केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे एक सल्फाइट) वापरतात, पण व्हिनेगरच्या जिवाणूंना सल्फाइट मानवत नाही. शेवटी फॉस्फोरिक आम्लाचं, न धुता चालणारं सॅनिटायझर घेतलं. डब्यावर दिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळायचं, बरणी दोनेक मिनिटं आतून ओली ठेवायची, मग पालथी. फेस राहिला तर राहू दे. त्याआधी बरणी घासून लख्ख हवी, नाहीतर सगळं फुकट. झाकणाचा रबरी वायसर काढून खालची खाच ब्रशने घासा. चिकटा तिथेच दडून बसतो.