दुधाच्या पावत्यांवर पायथनचा सराव

आमच्या गावच्या दूध संस्थेत मी संकलनाचं लिहायला बसतो. संध्याकाळची कॅन गाडीत चढली की कॉलेजची दोन-चार पोरं लॅपटॉप घेऊन येतात. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतले लिस्ट (यादी), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं), इफ (अट) वाचून सगळं कळलेलं असतं, पण कोरी फाईल उघडली की हात चालत नाही. त्यांना मी पुस्तकातली गणितं देत नाही. पावत्या देतो.

तुम्हीही तसंच करा. रोजच्या व्यवहारातल्या पाच-सहा नोंदी घ्या आणि निदान आठवडाभर त्याच ठेवा. नोंदी बदलायच्या नाहीत, प्रश्न बदलायचे. माझ्या नोंदी अशा, ओळीने सभासद क्रमांक, वेळ, लिटर, फॅट (दुधातल्या चरबीचे टक्के):

१२, सकाळ, ६.५, ३.८
७, सकाळ, ४.०, ३.२
३१, सकाळ, ८.५, ६.४
१२, संध्याकाळ, ५.०, ३.५
७, संध्याकाळ, ३.५, ३.१
३१, संध्याकाळ, ७.०, ६.१

प्रत्येक ओळ गोल कंसात टाका, सगळ्या ओळी मिळून एका चौकोनी कंसात. झाली लिस्ट. वेळ हा मजकूर आहे, तो अवतरणचिन्हांत हवा. कोडमध्ये अंक मात्र इंग्रजीच टाका, देवनागरी अंक दिसला की पायथन तिथंच अडतो. गंमत म्हणजे व्हेरिएबलचं (किंमत साठवायच्या जागेचं) नाव ‘दूध’ ठेवलं तर त्याला चालतं, आणि अवतरणात ‘१२’ लिहून मजकुराचा आकडा करणाऱ्या इंट फंक्शनला दिलं तर तो मुकाट बारा समजतो.

आता कीबोर्डला हात लावण्याआधी कागदावर बेरीज करा. एकूण दूध ३४.५ लिटर. हा आकडा वहीत लिहिलेला असल्याशिवाय लूप लिहायचा नाही, हा माझ्याकडचा एकमेव कडक नियम. प्रोग्राम एरर न देता चालला म्हणजे बरोबर आला, असं पोरांना वाटतं. हातात उत्तर असलं की तो भ्रम टिकत नाही.

पहिला लूप बेरजेचा. ‘एकूण’ला शून्य द्या, फॉरने एकेक नोंद घ्या, तिचे लिटर मिळवत जा. ‘एकूण’ शून्य करायची ओळ लूपच्या आत गेली तर शेवटी फक्त ७.० उरतील. प्रिंटची ओळ आत सरकली तर एकाऐवजी सहा आकडे छापले जातील. दोन्ही प्रकार मुद्दाम करून बघा, ओळ आत-बाहेर सरकवल्याने काय होतं ते एकदा डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

मग इफ. फॅट ३.५ पेक्षा कमी असेल तर ‘कमी’, ३.५ पासून ६ च्या आत ‘मध्यम’, ६ आणि वर ‘जास्त’. (यावरून गाय की म्हैस ठरवू नका, संकलनावरचा कुणीही हसेल. पावतीवर त्याचा रकाना वेगळा असतो.) कागदावर प्रत्येक गटात दोन-दोन येतात. आता पहिल्या इफमध्येच ‘३.५ किंवा जास्त असेल तर मध्यम’ असं लिहा आणि ‘जास्त’ची अट खाली एलिफमध्ये (वरची अट खोटी ठरली तरच तपासली जाणारी अट) ठेवा. मध्यममध्ये चार जण जमतात आणि जास्तमध्ये कुणीच नाही, कारण ६.४ सुद्धा पहिल्या अटीतच अडकतो. पायथन वरून खाली वाचत येतो आणि जी अट आधी खरी ठरते तिथंच थांबतो. बारा नंबरची संध्याकाळची फॅट बरोबर ३.५ मी मुद्दामच ठेवली आहे. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘जास्त किंवा समान’ यांत गल्लत झाली की ती नोंद गट बदलते. अटीतल्या सीमेवरचा एक तरी आकडा आपल्या नोंदींत हवाच.

डिक्शनरी (खुणेपुढे तिची किंमत अशा जोड्या ठेवणारी यादी) खरी कामाला येते ती बिलाच्या दिवशी, कारण तेव्हा सभासदवार बेरीज लागते. महिरपी कंसात रिकामी डिक्शनरी, सभासद क्रमांक ही ‘की’ (key, म्हणजे खूण), लिटर ही तिची किंमत (value). बारा नंबर पहिल्यांदा येतो तेव्हा डिक्शनरीत तो नसतोच, म्हणून थेट बेरीज केली तर ‘की एरर’ (KeyError) येते. आधी इफने विचारा, हा क्रमांक आहे का? नसेल तर शून्याने खातं उघडा, मग मिळवा. डिक्शनरीचं गेट (खूण नसेल तर आपण सांगितलेली किंमत देणारं) वापरून हेच एका ओळीत होतं, पण पहिले काही दिवस लांबच्या वाटेनेच जा. उत्तर: १२ चे ११.५, ७ चे ७.५, ३१ चे १५.५. तिन्ही मिळून पुन्हा ३४.५ यायला हवेत.

आता थोडं अवघड. फक्त फॅटची लिस्ट करा आणि तिच्यावर लूप चालू असतानाच ३.५ खालच्या फॅट रिमूव्हने काढा. ३.२ आणि ३.१ दोन्ही जातात, सगळं छान दिसतं. मग तीच मूळ लिस्ट चढत्या क्रमाने लावा आणि तोच कोड पुन्हा चालवा. ३.१ जाते, ३.२ मात्र तशीच राहते! पहिली फॅट निघाल्यावर मागची एक जागा पुढे सरकते आणि लूप मात्र दुसऱ्या जागेवर जातो, म्हणून पुढे सरकलेली ३.२ तपासलीच जात नाही. आधी त्या दोन शेजारी नव्हत्या, म्हणून चूक झाकली गेली होती. उपाय सरळ आहे: काढू नका, हव्या त्या फॅट नव्या लिस्टमध्ये अपेंड करा, म्हणजे शेवटी जोडत जा.

आठवड्याच्या शेवटी हे तीन प्रश्न घ्या, मॅक्स आणि मिन न वापरता. सगळ्यात जास्त फॅट कुणाची? सगळ्यात कमी कुणाची? (सुरुवात शून्याने केलीत तर दुसऱ्याचं उत्तर कायम शून्यच येईल, पहिल्या नोंदीपासून सुरू करा.) आणि ज्या दिवशी संकलनच बंद, लिस्ट रिकामी, त्या दिवशी सरासरी फॅट किती? हा प्रोग्राम शून्याने भागायला जाऊन पडतो. त्याच्या आधी एक इफ कुठं आणि कसा घालायचा, ते तुम्ही शोधा.