घर बांधताना माप किती काटेकोर असावं?

टेपवर मिलिमीटरच्या रेघा आहेत म्हणून प्रत्येक काम मिलिमीटरमध्ये करायचं नसतं. टेप उघडण्याआधी पाहा: या कामावर पुढे काय बसणार आहे?

पायाचा चर दोन-तीन सेंटिमीटर रुंद झाला तरी चालतो. विटांच्या भिंतीतला ४-५ मिलिमीटरचा उंचसखलपणा प्लास्टरमध्ये जिरतो, कारण प्लास्टरच १२ ते १५ मिलिमीटर जाड असतं. दाराच्या चौकटीला जेमतेम एक सूत सूट, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. ड्रॉवरला एक मिलिमीटरही जाणवतो. सळयांचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, मात्र झाकलं जातं म्हणून सोडून देऊ नका. स्लॅबमध्ये ते २० मिलिमीटरच्या आसपासच असतं. त्यातले १० गेले तर सळई लवकर गंजते.

आखणीला सगळ्यात जास्त वेळ द्या. खोली सेंटिमीटरभर लहान झाली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ती गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, नसेल तर भिंतीलगतची प्रत्येक फरशी तिरकी कापावी लागते. कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटरवर खूण करा. दोन खुणांमध्ये बरोबर ५ मीटर भरले की काटकोन साधला. समोरासमोरच्या बाजू जुळवून झाल्या की दोन्ही कर्ण मोजा. तेही सारखेच भरले पाहिजेत.

यानंतरच्या खुणा एकाच टोकापासून करा. एका खुणेपासून पुढची, तिच्यापासून त्यापुढची असं दहा वेळा मोजलंत आणि दर वेळी २ मिलिमीटर एकाच बाजूला चुकलात, तर शेवटी २० मिलिमीटरचा घोळ होतो.

जिन्यात हे फार नडतं. पायरी १६५ मिलिमीटरची की १७०, याने चढणाऱ्याला काही फरक पडत नाही. पण एकच पायरी बाकीच्यांपेक्षा उंच असली की पाय हमखास अडखळतो. समजा एकूण उंची ३००० मिलिमीटर आणि पायऱ्या १८. भागाकार येतो १६६.६७. प्रत्येक पायरी १६७ धरलीत तर वर ६ मिलिमीटर जास्त होतात. त्यापेक्षा सरळ पट्टीवर खालपासून १६७, ३३३, ५००, पुन्हा ६६७, ८३३, १००० अशा खुणा करा आणि तीच पट्टी भिंतीला लावून आखा. ही उंची खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत मोजा. फरशीची जाडी विसरलात तर पहिली आणि शेवटची पायरी चुकते, आणि तोवर काँक्रीट ओतून झालेलं असतं.