पहिल्या ऑटोक्रॉसआधी ट्रॅक पायी फिरा

ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडून वळणावळणाची वाट आखतात. त्या वाटेवर गाड्या एकेक करून सोडतात आणि चुरस असते फक्त वेळेची. पहिल्यांदा जाणाऱ्याला माझं आग्रहाचं सांगणं आहे की नव्या टायरांवर पैसे घालण्याआधी ट्रॅक नीट पायी फिरा. त्यासाठी सकाळी वेळ ठेवलेला असतो. एक फेरी घोळक्यातून मारलीत तरी पुढच्या एकट्याने मारा. अधूनमधून खाली बसून ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहा. उभ्याने स्पष्ट दिसलेली वाट तिथून नुसता कोनांचा पसारा वाटते. शेवटी डोळे मिटून अख्खा ट्रॅक आठवतो का, तेही बघा.

गाडी चालवताना समोरच्या कोनाकडे टक लावू नका, नजर त्याच्या पुढच्या वळणावर हवी. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच मारा. टायरची पकड मर्यादित असते; जोराचा ब्रेक आणि वळण एकदम मागितलं की पुढची चाकं घसरतात आणि गाडी सरळच जात राहते.

बऱ्याच स्पर्धांत पाडलेल्या प्रत्येक कोनामागे 2 सेकंद वाढतात, पण वाट चुकली तर ती फेरीच धरत नाहीत. म्हणून पहिल्या फेरीत वेग बेताचाच ठेवा.

गाडीतलं सुटं सामान आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढून ठेवा, चाकांचे नट घट्ट करा. हेल्मेट नसेल तर आयोजकांना आधीच विचारा, अनेकांकडे उसनं मिळतं. अनुभवी ड्रायव्हर शेजारी बसायला तयार असेल तर त्याला जरूर बसवा.