मुंबईतल्या बागा बघायला निघण्याआधी

सगळ्यात आधी वार. पिशवी, पाणी, टोप्या हे सगळं नंतर. ज्या बागेत जायचंय ती त्या दिवशी उघडी आहे का ते बघा आणि मगच घरात कुणाला सांगा, विशेषतः पोरांना.

मागच्या वेळी कराडहून आत्या आणि तिची दोन नातवंडं आली होती. पोरांनी येतानाच पेंग्विनचा धोशा लावलेला. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद असते हे मला लहानपणापासून ठाऊक, म्हणून मी मुद्दाम गुरुवार धरला. डोंबिवलीहून भरलेली लोकल, भायखळ्याला उतरून उन्हात चालत फाटकापर्यंत गेलो, आणि फाटक बंद. आदल्या दिवशी, बुधवारी, सणाची सुट्टी होती. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली की बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. मी कॅलेंडर उघडून बघितलं असतं तर कळलं असतं. आत्याचे गुडघे दुखत होते, ती तिथेच कडेला टेकली. धाकटा रडला नाही, फाटकाच्या गजांतून आत बघत राहिला. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हा नुसता आजचा वार बघून भागत नाही, कालची सुट्टीही बघा. बुधवारी भायखळा नाही. बुधवारी सुट्टी असेल तर गुरुवारी भायखळा नाही. बागेला लागून असलेलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, आणि कान्हेरीची लेणी उद्यानाच्या आतच, म्हणजे सोमवारी तीही नाहीत. हे फ्रिजवर लिहून लावा. रविवार सोपा वाटतो, पण रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही लोकल बंद. शनिवारीच त्याचं वेळापत्रक बघून ठेवा.

दुसरं, एका दिवशी एकच मोठी बाग. सकाळी बोरिवली आणि दुपारी भायखळा असले बेत पाहुण्यांसमोर बोलूसुद्धा नका.

राणीच्या बागेत सकाळी फाटक उघडताच शिरा. दुपारची दमट हवा म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही, आणि तिकिटाची खिडकी बाग बंद व्हायच्या बरीच आधी बंद होते. पेंग्विन आधी उरकून घ्या, नाहीतर पोरं दुसरं काहीच बघणार नाहीत. मग मात्र सावकाश झाडं बघा. ही बाग १८६१ सालची, आणि मुळात ती वनस्पती उद्यान म्हणून लावलेली. प्राणी नंतर आले. गोरखचिंचेचं फुगीर खोड पोरांना हात लावून बघू द्या, एवढं जाड झाड त्यांनी कुठे पाहिलेलं नसतं. संग्रहालयापाशी दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका. तो मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरूनच. १८६४ मध्ये इंग्रज त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना साखळदंड तुटले आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते जोडून त्याला इथे उभा केला. फोर्टातल्या ज्या चौकाला आपण काळा घोडा म्हणतो, तिथला मूळचा काळ्या घोड्याचा पुतळाही १९६५ पासून याच आवारात आहे. आत्याला हे सगळं दाखवायचं माझ्या मनात होतं.

बोरिवलीला जात असाल तर पायात बूट, आणि खाणं हातात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको. सगळं चेन असलेल्या सॅकमध्ये घाला. तिथली माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. पोरांच्या हातात बिस्किटं तर अजिबात देऊ नका. कान्हेरी मुख्य फाटकापासून सहा किलोमीटर आत आहे, तेव्हा चालत जायचा हट्ट नको, आतली बस घ्या. लेण्यांपाशी पाणी जपून प्या, चढ आहे आणि वर कातळ तापतो. पावसाळ्यात त्याच कातळावर शेवाळं असतं, गुडघेदुखीवाल्यांना तेव्हा वर नेऊ नका. कारवी, म्हणजे डोंगरातलं ते रानझुडूप, फुललेली बघायची असेल तर थांबावं लागेल. ती आठ वर्षांनी फुलते, २०२४ मध्ये येऊन गेली, आता २०३२. आणि सोमवार नको, हे परत सांगते.

मलबार हिलला दिवसभराची तयारी लागत नाही. हँगिंग गार्डन पाण्याच्या मोठ्या टाकीवर वसवलेली आहे, म्हणजे तुम्ही ज्या हिरवळीवर बसता तिच्याखाली दक्षिण मुंबईचं पाणी आहे. समोरच कमला नेहरू पार्क, बुटाच्या आकाराचं घर म्हणजे म्हातारीचा बूट, आणि खाली मरीन ड्राइव्हची वळणदार किनार. उन्हं उतरताना पोचा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. जवळच्या झाडीतून जाणारी ४८५ मीटरची लाकडी वाट २०२५ मध्ये सुरू झाली. तिचं तिकीट वेळेनुसार ऑनलाइन काढावं लागतं, ते आदल्या दिवशीच काढा.

माहीमचं निसर्ग उद्यान धारावीला खेटून, मिठी नदीच्या काठाशी. एके काळी तिथे शहराचा कचरा टाकत. आज गच्च झाडी आहे, फुलपाखरं आहेत. पक्ष्यांसाठी दुर्बीण घ्या. वार आणि वेळ आधी फोन करून विचारा.

कुलाब्याचं सागर उपवन बंदरात उभ्या असलेल्या बोटी बघण्यासाठी. सकाळी किंवा संध्याकाळी जा, वेळ विचारूनच.

शिवाजी पार्कला काहीच तयारी नको. कट्ट्यावर बसा.

बाकी नेहमीचंच. पाणी, टोपी, औषधं, सुटे पैसे. परतीचं तिकीट सकाळीच काढा. संध्याकाळच्या गर्दीत म्हाताऱ्यांना लोकलमध्ये चढवायचं नसेल तर चारच्या आत भायखळा सोडा.

आत्या दिवाळीनंतर पुन्हा येतेय. शनिवार ठरलाय, आणि शुक्रवारी मी फोन करून विचारणार आहे.