काउबॉय मॅचला (म्हणजे काउबॉय काळातल्या बंदुकांची नेमबाजी स्पर्धा) जुनी बंदूक पहिल्यांदा चालवताय?
सांगली-मिरजेची जी पोरं तिकडं अमेरिकेत सेटल झालीत त्यांच्यासाठी (व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या काकांनी आधी कायदा विचारून घ्या, गंमत नाय ती). चष्मा आणि कानाला प्रोटेक्शन पाहिजेच. सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरला दर गोळीला हॅमर (मागचा घोडा) अंगठ्यानं मागं ओढायचा, नुसता ट्रिगर दाबून काय होत नाय, आणि गोळ्यांची घरं सहा असली तरी गोळ्या पाचच भरायच्या, हॅमर रिकाम्या घरावर टेकवायचा. 1873 ची विंचेस्टर रायफल मला सगळ्यात भारी वाटते, फक्त लिव्हर (ट्रिगरजवळचा दांडा) पूर्ण खाली, पूर्ण वर, अर्धवट केलं की अडकतंय. दुनळी खांद्यात घट्ट दाबा. आणि मागनं कुणी हाक मारली तरी बंदुकीसकट वळायचं नाय, 170 डिग्रीचा नियम (नळीचं तोंड कायम समोर टार्गेटच्या बाजूच्या 170 डिग्रीतच पाहिजे) मोडला की ती स्टेज, म्हणजे मॅचमधली ती फेरी, गेलीच.